लाकडं कोणी आणली?

लांजेवारजी कोणालाही सहजासहजी मरू देत नसत.

हे वाचून ते डॉक्टर असतील असं कोणाला वाटेल, तर तसं नव्हतं. लांजेवारजी भंडाऱ्यातल्या एका छापखान्यात पुस्तकांचे संपादक होते. छापखाना मुख्यतः लग्नपत्रिका, तेरवीची कार्डं आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका छापून पोट भरायचा. मालकांना साहित्याची हौस, म्हणून वर्षातून एखादं पुस्तकही निघायचं. त्या एखाद्या पुस्तकासाठी मागच्या खोलीत, कागदाच्या रिमांच्या आडोशाला, लांजेवारजींना एक टेबल, एक खुर्ची आणि लेखकासाठी एक बाकडं दिलेलं होतं. जिल्ह्यातल्या लिहिणाऱ्या माणसाला कधी ना कधी त्या बाकड्यावर बसावंच लागे, कारण नागपूरचे प्रकाशक आमच्या पत्रांना उत्तर देत नसत. मी हायस्कुलात मराठी शिकवायचो आणि उरलेल्या वेळात स्वतःला लेखक समजायचो. त्यामुळे सत्तर-एकाहत्तरपासून पुढची दहा-बारा वर्षं मीही त्या बाकड्यावर बसलो.

पुस्तकात कोणी मेलं की लांजेवारजींची निळी पेन्सिल थांबायची. समासात बारीक अक्षरात एक प्रश्न उमटायचा, ‘लाकडं कोणी आणली?’ मग लेखकाला बोलावणं जायचं. लेखक आला की चौकशी सुरू. माणूस कशानं मेला? किती दिवस पडून होता? वैद्य कोण? पाणी कोणी पाजलं? घाट किती लांब? आणि सगळ्यात शेवटी, डोळे बारीक करून, "मंग लाकडं कोणी आणली?"

लेखकाला उत्तर देता आलं नाही तर मरण नामंजूर. त्या माणसाला जगवून आणायचं, नाहीतर हस्तलिखित परत न्यायचं.

साकोलीकडचे एक तलाठी कादंबरी लिहून घेऊन आले होते. कादंबरीत पटकीची साथ होती आणि तलाठीसाहेबांनी सढळ हातानं सहा जण मारले होते. लांजेवारजींनी सहाही मढी एकेक करून तपासली. दोन पास झाली. चौघांच्या लाकडांचा पत्ता लागेना, म्हणून ते चौघे बरे झाले. बरे झाले म्हणजे पुढच्या प्रकरणांत त्यांना काहीतरी काम देणं आलं. एकाचं लग्न लावावं लागलं, एकाला बैलबाजारात पाठवावं लागलं. तलाठी पुढे कुठेही भेटले की मला म्हणायचे, "मास्तर, मी पटकीवर लिहाले बसलो होतो. लिहून झाली पंगत!"

एका बाईंच्या कादंबरीतल्या नायिकेनं विहिरीत जीव दिला होता. लांजेवारजींनी विचारलं, विहीर कोणत्या गावची? बाईंनी बिचाऱ्यांनी खरं गाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी लांजेवारजी एसटीनं त्या गावी गेले, सुतळीला दगड बांधून विहिरीत सोडला आणि परत आले. बाईंना म्हणाले, "बाई, चैतात त्या विहिरीत गुडघाभर पाणी आहे. पोरगी मरणार नाही. पाय मोडल." बाई रडल्या, भांडल्या, पण शेवटी पोरीचा पाय मोडला. मग मोडलेल्या पायाची ती पोरगी पुढची शंभर पानं जगली, आणि खरं सांगायचं तर कादंबरीत वाचण्यासारखी तेवढीच शंभर पानं आहेत.

एका कवीनं आपला नायक क्षयानं मारला, तेव्हा तर लांजेवारजी खुर्चीवरून उठून उभे राहिले. "सरकार दवाखान्यात फुकट गोळ्या देऊन राहिली, अन् तुम्ही पोट्ट्याले मारून राहिले! काहून? त्याले दवाखान्याचा रस्ता माहीत नाही का तुमाले?"

दिसायला ते उंच आणि वाळके होते. बाराही महिने एकच बंद गळ्याचा कोट घालायचे. चहा पितळी पेल्यातून प्यायचे. पेला इतका तापायचा की तो कोटाच्या बाहीत धरावा लागे. मी एकदा काचेच्या गिलासाची सूचना केली, तर म्हणाले, "काचेत चहा दिसते, पितळेत लागते." हस्तलिखित ते पोथीसारखं लाल फडक्यात बांधून ठेवायचे. पाय लागला तर वाकून नमस्कार करायचे. एखाद्याला "बाप्पा, हे बेकार आहे" असं तोंडावर सांगून त्याच कागदांना नमस्कार करताना मी त्यांना पाहिलेलं आहे.

व्याकरणाला ते हात लावत नसत. "चुका कंपोझिटर काढते. मी फक्त इचारतो," असं म्हणायचे. आम्ही लेखक मंडळी त्यांना मागून चित्रगुप्त म्हणायचो. हे नाव मीच ठेवलं होतं आणि मला त्याचा अभिमानही होता. सगळ्यांना प्रश्न विचारणाऱ्या या माणसाला उलट प्रश्न कधी कोणी विचारला नाही. नदीपलीकडे कारध्याला राहतात, रोज पुलावरून चालत येतात, पुलावर पाणी चढलं की येत नाहीत, एवढंच आम्हाला माहीत होतं. घरी कोण आहे, कोण नाही, काही ठाऊक नव्हतं.

माझी कादंबरी त्यांच्याकडे गेली ती अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीच्या सुमाराला. आमचं गाव बपेऱ्याच्या अलीकडे. गावात एक बोडी, म्हणजे लहानसा तलाव. त्या बोडीच्या पाण्यावरून माझे वडील आणि वरच्या बांधीचे, म्हणजे धानाच्या शेताचे, मालक डोमाजी यांचं वीस वर्षं भांडण चाललं. तेच मी लिहिलं होतं. पाट अडवणारा, आमचा धान वाळवणारा डोमाजी मी झणझणीत रंगवला होता. शेवटच्या प्रकरणात, श्रावणाच्या झडीत, वडील मुलाच्या मांडीवर डोकं ठेवून प्राण सोडतात. मुलगा त्यांच्या तोंडात पाणी घालतो. ते पुटपुटतात, "पाण्याले जपजो." त्या प्रकरणावर माझी सारी भिस्त होती.

दोन महिने लांजेवारजींचा निरोप नाही. मग एके दिवशी शाळा सुटल्यावर गेलो तर टेबलावर लाल फडकं सोडलेलं होतं आणि चहा सांगून झाला होता. पहिल्या पानांवरचे त्यांचे प्रश्न मी तिथेच बसून वाचले. ‘पाट डावीकडून येतो म्हणता, मग माणूस उजवीकडे का पळतो?’ ‘ही बाई तीन दिवस उपाशी आहे, तिच्या हातात कुऱ्हाड कशी?’ एकेक प्रश्न असा की वाचताना लाज वाटावी आणि वाचून झाल्यावर बरं वाटावं. मी खूश झालो. मग त्यांनी शेवटचं प्रकरण पुढे ओढलं.

"मास्तर, हा बुढा श्रावणात मेला ना?"

"हो."

"पाऊस?"

"सात दिवसांची झड."

"मंग लाकडं कोणी आणली?"

मला हसू आलं. आता आपली पाळी, असं मनात म्हणालो. "गावकऱ्यांनी आणली," मी सांगितलं.

"गावकरी हे कोणाचं नाव नाही."

"लांजेवारजी, ही कादंबरी आहे, पंचनामा नाही. आणि हे घडलेलं आहे. हे माझे वडील आहेत. श्रावणातच गेले ते."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "असं का? मंग त तुम्ही होते तिथं."

"होतो," मी म्हणालो.

लांजेवारजींनी शेवटचं पान माझ्याकडे वळवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, माणूस मेला की रडणारे मागून रडते. पहिले कोणीतरी लाकडाले पळते. झडीत गावात सुकी काडी भेटत नाही. अन् तुमचा हा तरणा पोरगा बापाचं डोकं मांडीवर घेऊन बसला, तो उठूनच नाही राहिला. वारा आहे, ढग आहे, बापाचे शब्द आहेत. लाकूडच नाही. हा पोरगा तिथं नव्हता."

मी उठलो. हस्तलिखित उचललं, लाल फडकं त्यांच्या टेबलावर टाकलं आणि चहा न घेता बाहेर पडलो. असा अपमान मला कोणी केला नव्हता. रागाच्या भरात मी त्या आठवड्यातच ते बाड नागपूरच्या एका प्रकाशकाला पाठवून दिलं.

आणि काय आश्चर्य, चार महिन्यांनी नागपूरचं उत्तर आलं! कादंबरी पसंत होती. ‘शेवटचे प्रकरण वाचून डोळे पाणावले. त्यातील एक अक्षरही बदलू नये. आहे तसेच छापू,’ असं लिहिलं होतं. दहा वर्षं ज्या पत्राची वाट पाहिली ते पत्र हातात होतं. बायकोनं शिरा केला. मला तो शिरा गिळवेना.

आता खरं काय ते सांगतो. वडील गेले तेव्हा मी नागपुरात होतो. तिथल्या एका मंडळात माझी कथा वाचली जाणार होती, आयुष्यात पहिल्यांदाच. निघायच्या आदल्या दिवशी गावाहून पोस्टकार्ड आलं, बाबांचा ताप उतरत नाही, येऊन जा. बाबांना पावसाळ्यात ताप यायचाच. मी कार्ड खिशात घातलं आणि नागपूरची एसटी धरली. कथा रंगली. लोकांनी पाठ थोपटली, म्हणून कोणाकोणाला भेटायला आणखी दोन दिवस राहिलो. गावी पोहोचलो तेव्हा राख सावडून झाली होती.

मला कोणी काही म्हटलं नाही. मीही कोणाला काही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ‘तू कुठं होतास?’ असं उलट आलं असतं. पुढे आठ वर्षांनी कादंबरीत मी स्वतःला बाबांच्या उशाशी नेऊन बसवलं. त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, त्यांच्या तोंडी शेवटचं वाक्य घातलं. लिहिताना मी ढसाढसा रडलो होतो. नागपूरच्या प्रकाशकाचे डोळे त्या खोट्यावर पाणावले, आणि छापखान्याच्या मागच्या खोलीतल्या एका माणसाला ते खोटं लाकडावरून कळलं. हे मला सहन होईना. पुस्तक नागपूरला तसंच छापून आलं असतं तर माझं खोटं ओळखणारं वाचकांत कोणीच नव्हतं, लांजेवारजी सोडून. पण तेवढा एक माणूस पुरे होता.

नागपूरला होकार कळवायला पंधरा दिवसांची मुदत होती. बाराव्या दिवशी मी गावची गाडी धरली.

माय ओसरीवर मोहाची फुलं निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि आठ वर्षांपूर्वी विचारायचं ते विचारलं. माय माझ्याकडे न पाहता बोलू लागली.

"झड लागली होती, बापू. साऱ्या गावात सुकी काडी नव्हती. गोवऱ्या भी भिजल्या होत्या. तुहा चुलतभाऊ घरोघर फिरून आला. दोपार झाली, अन् मढं घरातच. मंग डोमाजी आला. दारात उभा राह्यला, अंदर नाही आला. म्हने, लाकडाची बैलबंडी भरून आनली हाये, उतरवून घ्या."

"डोमाजीकाका?"

"त्यानं नव्या घरासाठी सागाचे फाटे जमवले होते, तीन सालापासून. कोठ्यात सुके ठेवले होते. सारे आनले. मंग दोन पावसाळे गळक्या घरात राह्यला तो."

"माय, मले काहून नाही सांगितलं?"

मायनं हातातलं फूल टोपलीत टाकलं. "तुनं इचारलंच कवा?"

आठ वर्षांत डोमाजीकाका मला रस्त्यात कितीदा दिसले असतील. मी दरवेळी मान फिरवली होती. त्या दिवशी ते बोडीच्या पाळीवर बसून दोर वळत होते. खूप म्हातारे झाले होते. मी जवळ जाऊन उभा राहिलो. एकदम लाकडांचंच बोललो.

"ओलं लाकूड जळत नाही," ते म्हणाले. "त्यात काय सांगाचं?"

"पण तुमचं आणि बाबांचं तर..."

"भांडन पान्याचं होतं. मेलेल्या मानसाले कायचं पानी?" ते पुन्हा दोर वळू लागले. मग आपणहून म्हणाले, "अन् मी लय चांगला हावो असं समजू नको. एका साली तुह्या बापाची बांधी म्याच वाळवली होती, जानूनबुजून. आता पाटात पानी असते, भांडाले कोनी येत नाही. वावरात करमत नाही मले."

मी त्यांच्या पाया पडलो. बाबांच्या पाया पडायचं राहिलं होतं, ते तिथे पडलो असं मला वाटलं आणि रडूच आलं. डोमाजीकाकांना त्यातलं काही कळलं नसावं. ते आपले "अरे, दोर तुडवशीन" म्हणत राहिले.

नागपूरला मी नकार कळवला. शेवटचं प्रकरण फाडलं आणि नव्यानं लिहिलं. त्यात मुलगा नाही. मुलगा नागपुरात टाळ्या घेत आहे. दारात बंडी आहे, बंडीत सागाचे फाटे आहेत आणि बंडीवाला आत यायला तयार नाही. कादंबरीत मी ज्याला खलपुरुष केलं होतं, तो माणूस होऊन बसला, आणि त्याच्यापायी मागची चार प्रकरणंही पुन्हा लिहावी लागली. ते सगळं घेऊन मी वर्षभरानं त्या बाकड्यावर जाऊन बसलो. लांजेवारजींनी मागचं काही काढलं नाही. लाल फडकं टेबलाच्या खणातून काढलं आणि वाचायला घेतलं.

दुपारपासून संध्याकाळपर्यंत ते वाचत होते. पेल्यातला चहा गार झाला. शेवटच्या पानाशी पेन्सिल टेकली नाही. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "आता मेला बुढा." त्यांच्याकडून यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र कोणाला मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही.

मग म्हणाले, "चला मास्तर, पुलापर्यंत."

पुलावर दिवेलागणीची वेळ होती. वैनगंगा भरून वाहत होती, पण पाणी पुलाच्या बरंच खाली होतं. लांजेवारजी मधोमध थांबले.

"माह्या पोराचं तुमाले माहीत नसन."

मला काहीच माहीत नव्हतं.

"एकच होता. भिलाईले नोकरीवर होता. काविळीनं गेला, अकरा वर्षं झाली. इकडं पूर होता, टपाल अटकलं. आठ दिवसांनी चिठ्ठी आली. ‘अंत्यविधी यथासांग पार पडला.’ यथासांग! तो शब्द तवापासून मी कोणाच्याच पुस्तकात ठेवला नाही."

ते दोन पावलं पुढे गेले आणि पुन्हा थांबले.

"मंग त्याच्या खोलीतला सोबती पेटी घेऊन आला. तीन तास बसला घरी. मी त्याले चहा पाजला, जेवू घातलं. माह्या पोराच्या मायनं आधीच डोळे मिटले होते, घरात दुसरं कोणी नव्हतं. तो पोट्टा वाट पाहून राहिला होता, की हा माणूस काही इचारन. मी त्याले भिलाईच्या पावसाचं इचारलं. भाजीपाल्याचं इचारलं. अन् बसवर बसवून आलो."

"मग नंतर भिलाईला जाऊन..."

"भेव लागते, मास्तर. साऱ्यांले पाठवतो मी, जा, इचारून या. मी नाही गेलो."

पुलावरून एक एसटी गेली आणि आम्ही दोघे कडेला सरकलो. ती गेल्यावर लांजेवारजी नदीकडे पाहत म्हणाले, "तुमाले लिहिता येते. एक पान लिहून द्या. कोण होतं जवळ, कोणी पाणी पाजलं, कोणी खांदा देल्ला. खोटंच लिहा. मी पेन्सिल हातात घेणार नाही. काही इचारणार नाही."

मी हो म्हणालो. मला वाटलं, एका बैठकीत होईल. आयुष्यभर खोटी मरणंच तर लिहीत आलो होतो.

महिना गेला तरी पान होईना. ‘मित्र जमले’ असं लिहायचो आणि माझंच डोकं विचारायचं, कोणते मित्र? ‘पहाटे प्राण गेला’ लिहायचो, आणि प्रश्न यायचा, पहाटे जागं कोण होतं? लांजेवारजींनी मला खोटं लिहायच्या कामाचं ठेवलंच नव्हतं. आता त्यांनाच खोटं हवं होतं आणि ते देण्याइतकाही मी लेखक उरलो नव्हतो. अशी लाज मला नागपूरच्या पत्रानंही वाटली नव्हती.

दिवाळीच्या सुटीत, त्यांना न सांगता, कारध्याच्या पोस्टमनकडून मुलाचं नाव आणि जुना पत्ता मिळवून मी वरठीच्या स्टेशनावरून गाडी धरून भिलाईला गेलो. दोन दिवस फिरलो. त्याची खोली होती त्या ओळीत सगळी नवी माणसं होती. पेटी घेऊन आलेला सोबती कुठेतरी दुसरीकडे निघून गेला होता. अकरा वर्षांपूर्वी काविळीनं गेलेला भंडाऱ्याचा मुलगा कोणाला आठवत नव्हता. शेवटी एका खानावळीत एक म्हातारा वाढपी भेटला. मी नाव सांगितलं, तो मान हलवत राहिला. भंडाऱ्याचा म्हटलं, तेव्हा त्याला आठवलं. "हाँ, वो माँड़वाला लड़का," तो म्हणाला. हा मुलगा भात जेवायचा आणि जेवण झालं की भाताची पेज मागायचा. खानावळीत पेज एरवी फेकून देत असत. याच्यासाठी म्हणून म्हाताऱ्यानं रोज एक गिलास काढून ठेवायला सुरुवात केली होती. मुलगा त्यात मीठ टाकून उभ्याउभ्याच प्यायचा. मग एकदा यायचा बंद झाला. पुढचं म्हाताऱ्याला काही माहीत नव्हतं.

घाटाचं, खांद्याचं, लाकडांचं मला भिलाईत काहीच मिळालं नाही. परत येताना गाडीतच मी ते पान लिहून काढलं, कारण आता लिहिणं भाग होतं. चार मित्रांना नावं दिली. एकाला रात्रभर उशाशी बसवलं. एकाला लाकडाच्या वखारीत पाठवलं. ऊन स्वच्छ पडलेलं ठेवलं. आणि मध्येच कुठेतरी ते पेजेचं वाक्य घातलं.

कारध्याला त्यांच्या घरी मी प्रथमच गेलो. घर झाडून-पुसून ठेवलेलं होतं आणि आत कसलाही आवाज नव्हता. लांजेवारजींनी मला ओसरीत खाटेवर बसवलं आणि स्वतः समोर जमिनीवर बसले, मी नको नको म्हणत असताना. दोन्ही हात त्यांनी मांडीवर ठेवले होते.

मी वाचू लागलो. मित्रांची नावं आली, ते गप्प. दवाखाना आला, ते गप्प. मला खालमानेनंही कळत होतं की यातलं एकही अक्षर त्यांना खरं वाटत नाही, आणि कबूल केल्याप्रमाणे ते काही बोलणार नाहीत. मला वाचवेना, पण थांबताही येईना. मग ते वाक्य आलं. ‘जेवण झालं की तो भाताची पेज मागून घ्यायचा आणि मीठ टाकून उभ्यानंच प्यायचा.’

लांजेवारजींचा एक हात मांडीवरून उचलला गेला.

"थांबा," ते म्हणाले.

मी थांबलो. ते खाटेजवळ सरकले. "हे तुम्ही बनवलं नाही."

"नाही."

"उभ्यानंच प्यायचा," ते म्हणाले. "त्याची माय ओरडे, बस ना रे, बसून पे." मग त्यांनी कोटाच्या बाहीनं तोंड झाकलं. बऱ्याच वेळानं त्यांनी बाही खाली घेतली.

"बाकीचं राहू द्या," ते म्हणाले. "तेवढं वाक्य पुन्हा वाचा."

मी वाचलं.

"अजून एकदा."

मी पुन्हा वाचलं.